जखम खरी, पण ती अपघातामुळेच झाली का? भरपाईच्या दाव्यात कारणसंबंध सिद्ध करताना

माझ्याकडे आलेल्या सुरुवातीच्या फायलींपैकी एक अजून डोळ्यांसमोर आहे. गाडीला मागून धडक बसलेला माणूस. कमरेच्या मणक्याची गादी सरकल्याचा एमआरआय, शस्त्रक्रियेची बिलं, डॉक्टरांचं प्रमाणपत्र, सगळं जागच्या जागी. प्रमाणपत्रात स्वच्छ लिहिलेलं : ‘अपघातामुळे कमरेला दुखापत.’ समोरच्या वकिलांनी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला. अपघातानंतरच्या पहिल्या नऊ आठवड्यांच्या कागदांत ‘कंबर’ हा शब्द कुठे आहे? डॉक्टरांनी पानं उलटली. मान होती, खांदा होता, डोकेदुखी होती. कंबर नव्हती.

त्या माणसाचं दुखणं खोटं नव्हतं. मान इतकी ठणकत होती की कमरेकडे त्याचं लक्षच गेलं नाही, आणि उरलंसुरलं दुखणं वेदनाशामक गोळ्यांनी दाबून टाकलं होतं. पण हे सांगणारा एकही कागद आम्ही वेळेत जमवला नव्हता. शस्त्रक्रियेचा सगळा खर्च हिशोबातून गेला.

हा लेख या कामात नव्याने आलेल्यांसाठी आहे. ज्युनियर वकील, विम्याच्या कचेरीत दावे तपासणारे, आणि स्वतः जखमी झालेले किंवा त्यांच्या घरचे. मुदती, अर्जांचे नमुने, भरपाईची सूत्रं प्रत्येक देशाच्या कायद्यात निराळी असतात, ती तुमच्या इथली वेगळी पाहून घ्या. जखम आणि अपघात यांची सांगड घालण्याचं काम मात्र सगळीकडे जवळपास सारखंच चालतं.

पहिली पायरी : तीन प्रश्न वेगळे करा

चूक कोणाची, हा पहिला प्रश्न. त्या चुकीमुळे कोणती जखम झाली, हा दुसरा. त्या जखमेमुळे कोणतं नुकसान झालं, हा तिसरा. नवखा माणूस आपली सगळी ताकद पहिल्यावर खर्च करतो. सिग्नल कोणी मोडला, ब्रेकच्या खुणा किती लांब होत्या, यावर पानंच्या पानं लिहितो आणि उरलेले दोन प्रश्न ‘सबब अर्जदारास गंभीर इजा झाली’ एवढ्या एका ओळीत उरकतो. प्रत्यक्षात चूक कबूल असूनही दावा पडतो किंवा निम्म्यावर येतो, तो याच दोन प्रश्नांवर.

दुसऱ्या प्रश्नाची कसोटी साधी आहे : अपघात झाला नसता, तर ही जखम झाली असती का? उत्तर ‘नाही’ आलं तर कारणसंबंध आहे. इंग्लंडमधला १९६० च्या दशकातला बार्नेट खटला यासाठी नेहमी शिकवला जातो. रात्रपाळीच्या तीन पहारेकऱ्यांनी चहा प्यायला आणि त्यांना उलट्या सुरू झाल्या. ते रुग्णालयात गेले, पण डॉक्टरांनी त्यांना न तपासताच परत पाठवलं. त्यातला एक मरण पावला. चहात आर्सेनिक होतं. न तपासणं ही चूकच होती, पण तपासलं असतं तरी उपचार वेळेत लागू पडले नसते असं पुराव्यातून दिसलं आणि दावा फेटाळला गेला. चूक आणि मृत्यू दोन्ही होते, त्यांना जोडणारा दुवा नव्हता. रस्त्यावरच्या अपघाताची फाईल उघडताना हा खटला मनात असू द्या.

पुरावा किती भक्कम लागतो? फौजदारी खटल्यातला ‘संशयाला जागा नको’ हा दंडक इथे नाही. बहुतेक ठिकाणी दिवाणी दाव्यात पारडं कुठे झुकतं एवढंच पाहतात : अपघातामुळे झालं असण्याची शक्यता तसं नसण्यापेक्षा जास्त आहे का? म्हणून शंभर टक्के खात्रीच्या मागे लागून अतिशयोक्त विधानं करू नका. ती उलटतपासणीत टिकत नाहीत आणि त्यांची गरजही नसते.

दुसरी पायरी : प्रत्येक जखमेला स्वतंत्र ओळ

एक मोठा कागद घ्या. डावीकडे एकेक जखम लिहा. ‘बहुविध इजा’ असं नको. उजव्या मांडीचं हाड मोडलं, मानेला हिसका, कपाळावर टाके, झोप उडाली, गाडीत बसायची भीती, असं सुटं सुटं. प्रत्येक ओळीपुढे पाच रकाने : ती कोणत्या आघाताने झाली, पहिली नोंद कोणत्या तारखेची व कोणत्या पानावर, अपघाताआधी त्या भागाची स्थिती काय होती, तपासणीत काय दिसलं, आणि तिच्यामुळे कोणतं नुकसान झालं. जो रकाना रिकामा राहील, तिथेच समोरचा पक्ष बोट ठेवणार आहे. मी अजूनही प्रत्येक फाईल अशीच सुरू करतो, आणि पहिल्या बैठकीत निम्मे रकाने रिकामे असतात.

जखमा अशा वेगळ्या केल्याचा आणखी एक फायदा आहे. एखादी दुबळी जखम वगळली गेली तरी तिच्यासोबत भक्कम जखमा वाहून जात नाहीत.

तिसरी पायरी : मार कुठून आणि कसा लागला

शरीरावरच्या जखमा बऱ्याचदा आघाताची दिशा सांगतात. समोरून धडक झाली की बसलेल्या माणसाचा वाकलेला गुडघा डॅशबोर्डवर आदळतो. त्यातून गुडघ्यात एकमेकांना छेदणाऱ्या दोन बंधांपैकी मागचा बंध फाटणं किंवा खुब्याचा सांधा मागच्या बाजूला निखळणं, हे ओळखीचं चित्र आहे. पादचाऱ्याला गाडीचा बंपर लागला तर गुडघ्याखालच्या नळीच्या हाडाचा वरचा भाग मोडतो. पोटावर सीटबेल्टच्या रेषेत काळानिळा पट्टा उमटला असेल, तर आतड्याला आणि कमरेच्या मणक्याला इजा आहे का हे डॉक्टर मुद्दाम तपासतात. कमरेवरून जाणाऱ्या पट्ट्यामुळे मणका आडवा उकलतो, त्या अस्थिभंगाला १९४८ मध्ये त्याचं वर्णन करणाऱ्या जॉर्ज चान्स यांचं नाव आहे. मागून धडक बसली की धड पुढे ढकललं जातं, डोकं क्षणभर मागे राहतं आणि मानेला हिसका बसतो.

म्हणून जखमी माणसाला आधी हे विचारा : तुम्ही नेमके कुठे बसला होता? पट्टा होता का? एअरबॅग उघडली का? धडक बसली तेव्हा मान कुठे वळलेली होती? शरीराचा कोणता भाग कशावर आपटला? उत्तरं त्याच्याच शब्दांत, त्याच दिवशी लिहून घ्या. गाडीचे फोटो सगळ्या बाजूंनी काढा, आतूनही. वाकलेलं स्टिअरिंग, फुटलेला डॅशबोर्ड, काचेवरची कोळ्याच्या जाळ्यासारखी चीर हे सगळं बोलतं. गाडी दुरुस्तीला गेली की हा पुरावा कायमचा संपतो. अनेक नव्या गाड्यांत धडकेच्या आधीच्या काही सेकंदांचा वेग आणि ब्रेक टिपणारी यंत्रणा असते. ती नोंद जपून ठेवावी असं लेखी पत्र लगेच पाठवा.

दोन्ही बाजूंच्या अतिउत्साहाला इथे आवर घालायला हवा. ‘बंपरला ओरखडासुद्धा नाही, मग मान कशी दुखेल?’ हा युक्तिवाद तुम्हाला ऐकावा लागेल. गाडीचं नुकसान आणि माणसाची इजा एका मापाने वाढत नाहीत. माणसाचं वय, बसण्याची ढब, आधीची झीज, डोक्यामागच्या टेकूची उंची हे सगळं त्यात येतं. पण गाडीचा चेंदामेंदा झाला म्हणून आतल्या माणसाची प्रत्येक तक्रार आपोआप सिद्ध होते, असंही नाही. आघाताची दिशा आणि जोर यांवरून ‘अशी जखम होऊ शकते’ इथवर पोचता येतं. ती झाली, हे पुढच्या कागदांनी दाखवायचं.

चौथी पायरी : पहिल्या काही दिवसांचे कागद

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. अनेक फायली मी इथेच जिंकताना आणि हरताना पाहिल्या आहेत.

घटनेनंतर पहिल्या काही तासांत लिहिलेला कागद भरपाईचा विचार डोक्यात येण्याआधीचा असतो, म्हणून त्याचं वजन मोठं. रुग्णवाहिकेची नोंद, तातडीच्या विभागातला केसपेपर, परिचारिकांच्या टिपणांची पानं, औषधांचा तक्ता, एक्स-रेच्या मागणीची चिठ्ठी. नुसत्या डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नका. ते शेवटी लिहिलेलं सार असतं आणि घाईत लिहिलेलं असतं. परिचारिकेने पहाटे तीन वाजता टिपलेलं ‘रुग्ण कमरेत दुखत असल्याचं सांगतो’ हे वाक्य कार्डात कधीच उतरत नाही. माझ्या त्या पहिल्या फायलीत असं वाक्य होतं की नाही हे मी कधी पाहिलंच नाही, कारण पूर्ण नोंदी मागवल्याच नव्हत्या. त्याची रुखरुख अजून आहे. म्हणून सांगतो : पूर्ण नोंदींच्या प्रमाणित प्रती मागा, पानांना क्रमांक घाला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः वाचा.

वाचताना चार गोष्टी शोधा. एक, इजा कशी झाली म्हणून लिहिली आहे? ‘रस्त्यावरील वाहन अपघात’ की नुसतंच ‘पडल्याने’? बेशुद्ध माणसाला आणणाऱ्या वाटसरूने सांगितलेली माहिती पुष्कळदा अर्धवट असते. दोन, डावं-उजवं. हे इतक्यांदा उलटं लिहिलेलं सापडतं की मी आता सवयीने प्रत्येक एक्स-रेच्या अहवालाशी ताडून पाहतो. तीन, तारीख आणि वेळ. चार, शुद्धीची स्थिती. डोक्याला मार लागलेल्यांची शुद्ध ज्या मापाने मोजतात ते माप ग्लासगो विद्यापीठातल्या टीसडेल आणि जेनेट यांनी १९७४ मध्ये मांडलं. त्यात ३ ते १५ गुण असतात. १३ ते १५ गुण म्हणजे मेंदूची इजा सौम्य गटातली मानतात. पुढे विस्मरणाची तक्रार मांडायची असेल तर हा पहिला आकडा फाईलीत हवाच. पण १५ पैकी १५ आहेत म्हणजे मेंदूला काहीच झालं नाही, असा अर्थ कोणी काढत असेल तर तो तज्ज्ञाच्या साक्षीने खोडून काढा.

चूक सापडली तर ती स्वतः हाताने दुरुस्त करायची नाही, कोणाकडून गुपचूप करूनही घ्यायची नाही. लेखी अर्ज द्या. दुरुस्तीची नोंद तारखेसह स्वतंत्र व्हायला हवी. खाडाखोड केलेला केसपेपर चुकीच्या केसपेपरपेक्षा कितीतरी जास्त घातक असतो.

आता उशिराची गोष्ट. तक्रार उशिरा नोंदली गेली म्हणजे ती खोटी, असं वैद्यकशास्त्र म्हणत नाही. मनगटातल्या होडीच्या आकाराच्या छोट्या हाडाची चीर पहिल्या एक्स-रेत पुष्कळदा दिसत नाही, म्हणून संशय असेल तर दहा-चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात. वयस्कर माणसाच्या मेंदूच्या आवरणाखाली रक्त इतकं हळूहळू साठतं की डोकेदुखी, चालताना तोल जाणं, बोलण्यात गोंधळ ही लक्षणं काही आठवड्यांनी समोर येतात. खुबा निखळून जागेवर बसवला, तरी मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो महिन्यांनी किंवा वर्षांनीही कुजू शकतो. अपघातानंतरच्या मानसिक आघाताच्या विकाराचं निदान लक्षणं महिन्याहून जास्त टिकल्याशिवाय होतच नाही. कधी कधी विकाराचं पूर्ण चित्र सहा महिन्यांनंतर उभं राहतं. शिवाय मोडलेल्या मांडीपुढे दुखऱ्या खांद्याची कोण तक्रार करणार? उशीर का झाला याचं वैद्यकीय कारण असेल तर ते तज्ज्ञाकडून लेखी घ्या. कारण साधं माणसाचं असेल, म्हणजे पैसे नव्हते, दवाखाना लांब होता, ‘होईल बरं’ असं वाटलं, तर तेही शपथपत्रात लिहा. घरच्यांची साक्ष, गोळ्या घेतल्याच्या पावत्या, कामावर पाठवलेले निरोप अशा वेळी उपयोगी पडतात.

आपल्याकडे म्हणतात, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. अपघातानंतर दुखायला लागलं एवढ्यावरून अपघातामुळे दुखायला लागलं असं ठरत नाही. समोरचे वकील नेमकं हेच म्हणणार. त्यावर नुसती तारीख पुढे करून भागत नाही. आघाताची पद्धत, लक्षणांचा क्रम आणि दुसऱ्या कारणांचा अभाव या तिन्ही गोष्टी तारखेच्या जोडीला उभ्या कराव्या लागतात.

पाचवी पायरी : आधीचं दुखणं उघड्यावर ठेवा

जखमी माणूस तुमच्यासमोर बसला की हमखास म्हणतो, ‘आधी मला काहीसुद्धा त्रास नव्हता.’ तो खोटं बोलत नसतो. आठ वर्षांपूर्वी पाठ धरली होती आणि चार दिवस गोळ्या घेतल्या होत्या, हे तो खरंच विसरलेला असतो. समोरचा पक्ष मात्र ती चिठ्ठी शोधून काढतो, आणि त्या दिवशी पाठीचा प्रश्न बाजूला राहून माणसाच्या खरेपणाचा प्रश्न उभा राहतो. म्हणून मागची किमान पाच-सात वर्षांची वैद्यकीय कागदपत्रं तुम्हीच आधी मागवा.

आधीचं दुखणं सापडलं म्हणून घाबरायचं कारण नाही. मणक्याच्या एमआरआयविषयी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक आढावा मी प्रत्येक नवख्याला सांगतो. कसलाच त्रास नसलेल्या ३,११० माणसांच्या तपासण्या त्यात एकत्र पाहिल्या होत्या. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या मणक्यांच्या गाद्यांत झीज दिसली, तर ऐंशीतल्या ९६ टक्के. गादी फुगलेली असण्याचं प्रमाण विशीत ३० टक्के आणि ऐंशीत ८४ टक्के होतं. हे आकडे दोन्हीकडून कापतात. ‘एमआरआयमध्ये गादी फुगलेली दिसते, म्हणजे अपघात’ हे म्हणणं तुटतं. पण ‘झीज आधीचीच होती, म्हणजे दुखणंही आधीचंच’ हेही तुटतं, कारण झीज असूनही माणसं वर्षानुवर्षं विनातक्रार कामं करतात. खरा प्रश्न झीज होती का हा नाही. ती निजलेली होती का, आणि अपघाताने तिला जागं केलं का, हा आहे.

कायद्याने याबद्दल एक उदार तत्त्व मान्य केलेलं आहे. ज्याला इजा केली तो जसा आहे तसा स्वीकारावा लागतो. १९०१ च्या ड्युलिऊ विरुद्ध व्हाइट या इंग्लिश निकालात पातळ कवटीच्या आणि कमजोर हृदयाच्या माणसाचं उदाहरण आलं, तेव्हापासून ‘पातळ कवटीचा नियम’ हे नाव रूढ आहे. धडधाकट माणसाला एवढं लागलं नसतं, ही सबब चालत नाही.

पण याला दुसरी बाजू आहे. कवटी पातळ असणं वेगळं आणि आधीपासूनच ढासळत असणं वेगळं. अपघात झाला नसता तरी दोन वर्षांत गुडघा बदलावाच लागणार होता असं दिसलं, तर भरपाई त्या दोन वर्षांच्या घाईपुरती मिळते. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९९६ चा अ‍ॅथी विरुद्ध लिओनाटी हा निकाल या फरकासाठी मुद्दाम वाचा. आधीपासून पाठीचा त्रास असलेल्या माणसाचे लागोपाठ दोन मोटार अपघात झाले. तो सुधारत होता, व्यायामाला गेला आणि अंग मोकळं करतानाच गादी सरकली. खालच्या न्यायालयाने अपघातांचा वाटा २५ टक्के धरून तेवढीच भरपाई दिली. सर्वोच्च न्यायालयाने ती पूर्ण केली. अपघात हे गादी सरकण्याचं आवश्यक कारण होतं, आणि अपघात नसतानाही ती सरकलीच असती असं कुठे सिद्ध झालेलं नव्हतं. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो, कारण कारणाचा वाटा आणि भरपाईचा वाटा या दोन गोष्टी त्याने स्वच्छ वेगळ्या केल्या.

व्यवहारात यासाठी ‘आधी आणि नंतर’चं चित्र लागतं. हजेरीपट, आधीच्या वर्षी किती रजा आजारपणासाठी घेतली, कोणतं वजन उचलायचं काम होतं, शेजाऱ्याने किंवा सहकाऱ्याने पाहिलेली रोजची हालचाल. ‘रोज तीन जिने चढून यायचा, आता कठड्याला धरून पायरीपायरीला थांबतो’ हे सहकाऱ्याचं साधं वाक्य कित्येकदा प्रमाणपत्रापेक्षा जास्त पटतं.

सहावी पायरी : फिल्म ताजी की जुनी

या पायरीत काम रेडिओलॉजिस्टचं आहे, तुमचं काम फक्त प्रश्न विचारण्याचं. ताज्या अस्थिभंगाच्या कडा धारदार असतात, जुन्याच्या गुळगुळीत आणि घट्ट झालेल्या. हाड जुळताना भोवती नवं हाड साधारण दोन-तीन आठवड्यांनी एक्स-रेत दिसू लागतं. एमआरआयमध्ये हाडाच्या मगजात सूज दिसली तर घटना अलीकडची असण्याकडे कल जातो. काटे वाढलेले, सांध्यातली जागा अरुंद झालेली, हे मात्र महिन्याभरात होत नाही. म्हणून तपासणी अपघातानंतर जितकी लवकर, तितका तिचा उपयोग जास्त. आधीची फिल्म मिळाली तर सोन्याहून पिवळं. रेडिओलॉजिस्टपुढे दोन्ही शेजारी ठेवा आणि ‘काय नवीन आहे?’ एवढंच विचारा.

मानेच्या हिसक्यात बऱ्याचदा फिल्मवर काहीच दिसत नाही. त्यासाठी १९९५ मध्ये क्युबेकच्या तज्ज्ञगटाने केलेली वर्गवारी वापरतात. शून्य म्हणजे तक्रार नाही, पहिली म्हणजे दुखणं-आखडणं पण तपासणीत काही नाही, दुसरीत हालचाल कमी झालेली दिसते, तिसरीत मज्जातंतूंची लक्षणं, चौथीत हाड मोडणं किंवा सांधा निखळणं. अहवालात नुसतं ‘मानदुखी’ असेल तर श्रेणी लिहून मागा.

सातवी पायरी : डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं

‘सदर इजा अपघातामुळे झाल्याचे प्रमाणित करण्यात येते’ या एका ओळीच्या प्रमाणपत्राची किंमत शून्याच्या आसपास असते. निष्कर्ष सगळेच देतात, हवं असतं ते कारण. मी पत्रासोबत संपूर्ण कागदपत्रं देतो, आधीच्या दुखण्यासकट, आणि साधारण असे प्रश्न विचारतो :

‘आपण कोणती कागदपत्रं पाहिली? आघाताचं जे वर्णन दिलं आहे, त्यातून ही जखम होऊ शकते का, कशी? पहिली नोंद आणि अपघात यांतलं अंतर वैद्यकीयदृष्ट्या जुळतं का? याच लक्षणांची दुसरी कोणती कारणं संभवतात, आणि ती आपण का स्वीकारता किंवा नाकारता? अपघात झाला नसता, तर आज या रुग्णाची स्थिती काय असती? अपघातामुळे असण्याची शक्यता नसण्यापेक्षा जास्त आहे का?’

चौथा आणि पाचवा प्रश्न कधीही गाळू नका. दुसरी कारणं स्वतःहून मांडून बाजूला सारणारा अहवाल उलटतपासणीत उभा राहतो. शब्दांकडेही लक्ष द्या. ‘होऊ शकते’ आणि ‘बहुधा यामुळेच झाली’ यांत दाव्याचं सगळं अंतर आहे. डॉक्टरांना प्रामाणिकपणे ‘होऊ शकते’ एवढंच म्हणता येत असेल, तर त्यांच्यावर दबाव आणू नका. ती जखम दाव्यातून वगळा किंवा आणखी पुरावा शोधा.

उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी रुग्णाला सुरुवातीपासून पाहिलेलं असतं, हे त्यांचं बळ. पण त्यांनी रुग्णाचं सांगणं खरं धरूनच उपचार केलेले असतात, ही त्यांची मर्यादा. मोठ्या दाव्यात म्हणूनच स्वतंत्र तज्ज्ञही लागतो. शाखा जुळली पाहिजे : विस्मरणासाठी हाडांच्या डॉक्टरांचं मत घेऊन काहीच साधत नाही.

आठवी पायरी : अपघातानंतर काय काय घडलं

दाव्याच्या मधल्या काळात आयुष्य थांबत नाही. माणूस पुन्हा पडतो, दुसरा आजार होतो, कधी उपचारातच चूक होते. यातली प्रत्येक घटना तारखेसह लिहा, लपवू नका.

इंग्लंडच्या उमराव सभेचे, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च अपील न्यायालयाचे, दोन निकाल शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. बेकर विरुद्ध विलबी या १९६९ च्या प्रकरणात गाडीच्या धडकेने पाय अधू झाला होता. पुढे दरोडेखोराने त्याच पायात गोळी घातली आणि पाय कापावा लागला. तरीही पहिल्या इजेची भरपाई तिथे थांबली नाही. १९८१ च्या जॉब्लिंग प्रकरणात कामावर पाठ दुखावलेल्या माणसाला पुढे पाठीच्या कण्याचा, अपघाताशी संबंध नसलेला आजार झाला, ज्यामुळे तो तसाही काम करू शकला नसता. तिथे भरपाई त्या टप्प्यावर थांबली. आजारपण आयुष्याच्या चढउतारांत धरलं जातं, असा त्यामागचा विचार.

जखमेवर चाललेल्या उपचारातून गुंतागुंत झाली, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्ग किंवा पायाच्या शिरेत गुठळी, तर ती सहसा मूळ अपघाताच्याच साखळीत धरतात. उपचार अक्षम्य चुकीचे असतील तर वाद वाढतो. डॉक्टरांनी सुचवलेले वाजवी उपचार रुग्णाने विनाकारण नाकारले, फिजिओथेरपी मध्येच सोडली, तर वाढलेलं नुकसान वजा होऊ शकतं. सोडण्यामागे कारण असेल तर तेव्हाच डॉक्टरांना सांगून केसपेपरवर घ्यायला सांगा. उपचारांतली चार महिन्यांची पोकळी दोन वर्षांनी समजावून सांगणं फार अवघड जातं.

नववी पायरी : जखमेपासून रुपयांपर्यंत

आता तिसरा प्रश्न. प्रत्येक बिलाच्या मागे पेन्सिलीने लिहा की हे कोणत्या जखमेचं. मांडीच्या शस्त्रक्रियेच्या बिलात मधुमेहाच्या नेहमीच्या गोळ्या असतात, त्या वेगळ्या काढा. तुम्ही काढल्या नाहीत तर समोरचे काढतील आणि उरलेल्या बिलावरही संशय पसरवतील. पण अपघातामुळे साखर भडकून जास्तीचं इन्सुलिन लागलं असेल, तर तो खर्च ठेवा, फक्त डॉक्टरांचं कारण सोबत जोडा.

कमाईच्या बाबतीत अपंगत्वाची वैद्यकीय टक्केवारी आणि कमाईतली घट एक नव्हेत. करंगळी ताठ झाली तर कारकुनाचं फारसं बिघडत नाही, तंतुवाद्य वाजवणाऱ्याची उपजीविका जाते. म्हणून टक्का सांगून थांबू नका. कोणती हालचाल गेली, त्या हालचालीशिवाय कामातलं काय अडतं, हे कामाच्या वर्णनासह लिहा. नोकरी सुटली असेल तर ती अपघातामुळे सुटली की त्याच महिन्यात कंपनीने सगळा विभागच बंद केला, हे आधी तपासा. हाच तो ‘अपघात नसता तर’चा प्रश्न आहे, फक्त यावेळी पगाराच्या कागदांवर विचारलेला.

मृत्यूच्या दाव्यात हे सगळं आणखी नाजूक होतं. जागीच मृत्यू झाला तर वाद क्वचित उठतो. पण मोडलेल्या मांडीसह घरी आलेला माणूस पंधराव्या दिवशी अचानक धाप लागून गेला, तर? पायातल्या शिरेतली गुठळी सुटून फुप्फुसात अडकली असेल, आणि तिचं मूळ अपघातात असेल. किंवा मूळचाच हृदयविकार असेल. अंत्यसंस्कार होऊन गेल्यावर हे सांगणं जवळपास अशक्य. दुःखाच्या त्या तासात शवविच्छेदनाचं नाव काढणं घरच्यांना क्रूर वाटतं, आणि मला ते सांगतानाही जड जातं. तरीही सांगा. अपघाताचे उपचार सुरू असताना घरी मृत्यू झाला तर डॉक्टरांना अपघाताची तारीख आणि जखमा सांगून शवविच्छेदन मागा, आणि मृत्यूच्या दाखल्यावर तात्कालिक कारणाखाली मूळ कारण म्हणून अपघातातली इजा लिहिली आहे का, हे दाखला हातात घेतानाच वाचून पाहा.